जमीन मे महिन्यात तापते, मग मोसमी वारा जूनची वाट का बघतो?

खिडकीकाका | १९ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वारज्यात नवव्या मजल्यावर राहतो. हॉलची खिडकी पश्चिमेला. गेले आठ दिवस रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास वारा सुटतो आणि बेडरूमचं दार असं काही आपटतं, की खालच्या मजल्यावरच्या आजी परवा बेल वाजवून "भांडण झालं का रे?" असं विचारून गेल्या. दाराला चप्पल लावून ठेवतो. चप्पलही सरकते.

सध्या भाचा राहायला आलाय, एमपीएससी करतोय. त्याला म्हटलं, बाबा रे, हा वारा येतो कुठून? त्यानं डोळे मिटून घडाघडा म्हणून दाखवलं: जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतं, तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथे कमी दाब होतो, मग समुद्रावरची हवा धावत येते. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. हेच मोठ्या प्रमाणावर झालं की नैर्ऋत्य मोसमी वारे.

म्हटलं झकास. पण मग पुण्यात सगळ्यात जास्त तापतं ते एप्रिल-मेमध्ये. तेव्हाच पाऊस का येत नाही? आणि जूनमध्ये दोन पाऊस झाले की जमीन गार पडते, जुलैत इथलं कमाल तापमान २८ च्या आसपास येतं. म्हणजे कारणच संपलं. वारा थांबायला हवा. तो तर जुलैत जास्तच जोर करतो! शिवाय ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षीचा जुलै चांगला तापलेला असतो. मग त्या वर्षी उलट जास्त वारा नको का यायला?

भाचा म्हणाला, "मामा, असं परीक्षेत विचारत नाहीत."

म्हणून इथे विचारतोय.

चहा_कमी_साखर | १९ मे, रात्री १०.५२

चप्पल नको. वर्तमानपत्राची घडी करून बिजागरीच्या बाजूला खोचा. वाऱ्याचं नंतर बघू.

दादा_नाशिककर | १९ मे, रात्री ११.१५

सोपं आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हिवाळ्यात लांब. सगळे ऋतू त्यातूनच येतात.

मीनाक्षी_ठाणे | १९ मे, रात्री ११.३१

@दादा, उलटं आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा नाशकात तुम्ही शेकोटी करून बसलेले असता. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो मेच्या मध्यावर, "शून्य सावली"चा दिवस. आणि तो दक्षिणेकडे परत जाताना जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी मात्र कोणी छत्रीतून मान बाहेर काढून बघत नाही.

काका, तुमची शंका मला आवडली. मी भूगोल शिकवते आणि वर्गात हेच "जमीन तापते"वालं सांगते. आता सोमवारी मुलांसमोर उभं राहायची पंचाईत.

दादा_नाशिककर | १९ मे, रात्री ११.३८

मागे घेतो. शाळेत त्या दिवशी गैरहजर असेन.

सदूभाऊ_पारनेर | २० मे, सकाळी ६.०५

वाऱ्याचं आम्हाला विचारा. आमच्याकडं पाऊस कमी न् वारं जास्त.

लहानपणी ज्वारीची मळणी झाली की उफणणीला वारं लागायचं. आजोबा तिवईवर चढून उभे राहायचे, मी खालून पाट्या द्यायचो. दुपारी नुसती वावटळ. कधी इकडनं कधी तिकडनं, भूस सगळं डोळ्यात. म्हातारा म्हणायचा, "थांब, मावळतीचं सुटू दे." पाच-साडेपाचला मावळतीचं वारं लागलं, की मग एका लयीत पाटी रिकामी करायचे. दाणे पायाशी, भूस दहा हातांवर. तासाभरात रास. कधी कधी वारं मधीच पडायचं. मग आजोबा तिवईवरच बसून राहायचे, खाली उतरायचे नाहीत. उतरलं की येतंय म्हणायचे.

तवा काकांच्या वारज्याला सहाला जे दार आपटतंय ते आमच्याच उफणणीचं वारं आहे. ते पावसाचं नव्हं.

घाटवाट | २० मे, सकाळी ९.२०

सदूभाऊंनी अर्धं काम केलं. काकांच्या धाग्यात दोन वेगवेगळे वारे एकत्र झालेत.

संध्याकाळचा वारा हा खारा वाराच. कोकणपट्टीवर तो साधारण अकरा-बाराला सुटतो, मग घाट चढून वर येतो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, वेग ताशी पंधरा-अठरा धरला तर तुमच्या खिडकीत पोहोचायला सहा-सात तास. म्हणजे संध्याकाळचे सहा! त्याच्यापुरतं भाच्याचं उत्तर चोख. मुंबईकरांना याची किंमत मार्चमध्ये कळते. पूर्वेकडून जमिनीवरचा गरम वारा जोरात असला की समुद्राचा वारा दुपारी उशिरा शिरतो आणि त्या दिवशी पारा चाळिशीला टेकतो.

मोसमी वाऱ्याचं मात्र प्रकरण वेगळं. "मोठ्या प्रमाणावरचा खारा वारा" हे उत्तर १६८६ सालचं आहे. ते दिलं एडमंड हॅलीनं, तोच तो धूमकेतूवाला. १७३५ मध्ये हॅडलीनं त्यात पृथ्वीच्या फिरण्याची भर घातली. आणि काका, तुमची शंका १९२१ मध्ये सिम्पसन नावाच्या हवामानतज्ज्ञानं जवळजवळ याच शब्दांत मांडली होती. तो स्वतः सिमल्यात नोकरी करून गेलेला. त्याचं म्हणणं, भारत सगळ्यात जास्त तापतो मेमध्ये, पावसाआधी. आणि अवर्षणाच्या वर्षी जास्त तापलेला असतो. मग नुसत्या तापण्यावर कसं भागेल?

बाकीचं संध्याकाळी लिहितो. ऑफिसात आहे.

खिडकीकाका | २० मे, सकाळी ९.४५

भाच्याला दाखवलं. "म्हणजे परीक्षेत १६८६ चं उत्तर लिहायचं की १९२१ चं?" असं विचारतोय.

चहा_कमी_साखर | २० मे, सकाळी ९.४७

उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचं वय बघून.

आगोट | २० मे, दुपारी २.१०

आमचं घर मालवणजवळ, वडील तांडेल होते. माझं नाव बघूनच कळलं असेल. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: पाऊस सुरू होण्याच्या आधीचे आणि सुरुवातीचे दिवस म्हणजे आगोट. नळे परतायचे, लाकूडफाटा माळ्यावर, सुकी मासळी डब्यात, होड्या ओढून वर झावळ्यांखाली. सरकारी मासेमारीबंदी आता १ जून ते ३१ जुलै अशी ठरलेली, पण वडील कॅलेंडर बघून होडी वर काढत नसत. मेच्या शेवटी समुद्रावर वारा नसला तरी लांबून लाट यायला लागते. फुगलेली, संथ, लांबलचक लाट. काठाला येऊन धप्पकन बसते. वडील म्हणत, "वारो अजून वाटेर आसा, सांगावो इलो."

मला मोठेपणी कळलं की हे अगदी खरं आहे. लांब कुठेतरी जोराचा वारा वाहत असला की त्याची लाट वाऱ्याच्या आधी पोहोचते. म्हणजे वारा इथे तयार होत नाही, लांबून चालत येतो. मालवणची जमीन तापली म्हणून तो आला असं वडिलांना कोणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

दादा_नाशिककर | २० मे, दुपारी २.४०

सुक्या मासळीत काय काय ठेवायचात? सुंगटं की बांगडा?

आगोट | २० मे, दुपारी २.५५

दोन्ही. आणि त्यावर वेगळा धागा आहे, तिकडे या.

घाटवाट | २० मे, रात्री ९.३०

हां, आता सविस्तर. आगोट यांच्या वडिलांचा मुद्दा धरूनच पुढे जातो.

विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती एक पट्टा आहे. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे व्यापारी वारे तिथे समोरासमोर येतात, जागा नसल्यामुळे हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. पाठ्यपुस्तकी नाव "आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा". आपण पट्टाच म्हणू. सूर्य उत्तरेला सरकला की पट्टाही मागोमाग सरकतो, थोडा रेंगाळत. महासागरावर फार लांब जात नाही, पण आपल्याकडे जुलैपर्यंत थेट गंगेच्या मैदानावर जाऊन बसतो. पट्टा वर गेला की खालचा, म्हणजे दक्षिण गोलार्धातला वारा विषुववृत्त ओलांडून त्याच्याकडे निघतो. तोच आपला मोसमी वारा. पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केलं. मान्सून म्हणजे अवाढव्य खारा वारा नव्हे, तर याच पट्ट्याचं ऋतूबरोबर होणारं स्थलांतर, हे त्यांनी फार ठामपणे मांडलं.

निघतो कुठून? मादागास्करच्या पलीकडे, मस्कारीन बेटांच्या दक्षिणेला आपल्या उन्हाळ्यात त्यांचा हिवाळा असतो. तिथे जास्त दाबाचं मोठं केंद्र. तिथून वारा वायव्येला सुटतो आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पठारावर आदळतो. पाट भिंतीला लागून वाहावा तसा केनियाच्या कडेनं विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाजवळ उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्रावरून सरळ आपल्याकडे. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर हा झोत सगळ्यात जोरात असतो. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. सोमाली जेट म्हणतात ते हेच.

मीनाक्षी_ठाणे | २० मे, रात्री ९.५०

उजवीकडे का वळतो हे मी सांगते, वर्गात हेच सांगते. विषुववृत्तावरची जमीन आणि हवा पूर्वेकडे ताशी सुमारे १६७० किलोमीटरनं फिरत असते. मुंबईच्या अक्षांशावर वर्तुळ लहान, तिथे हा वेग १५८० च्या आसपास. म्हणजे खालून निघालेली हवा वर येते तेव्हा तिच्या अंगात पूर्वेकडचा जास्तीचा वेग असतो, ती जमिनीच्या पुढे पळते. म्हणून दक्षिणेकडून निघालेला वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. चालत्या लोकलमधून उडी मारणारा कसा गाडीच्या दिशेनं धावत जातो, तसं. (उडी मारू नका.)

आणि नाही, बेसिनचं पाणी गोल फिरतं ते यामुळे नाही. दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं.

सलालाकर | २० मे, रात्री ११.२०

ओमानमधून हजेरी. सलालात अकरा वर्षं.

घाटवाट यांनी सांगितलेला वारा तुमच्याकडे यायच्या आधी आमच्या दारावरून जातो. मस्कतला जुलैत चाळिसाच्या वर भाजून निघतं, आणि इथे डोंगरावर धुकं, भुरभूर पाऊस, पंचवीस-सव्वीस अंश, सगळं हिरवंगार. याला इथे खरीफ म्हणतात. हो, आपल्या खरीप पिकांचा शब्द हाच. अरबीत त्याचा मूळ अर्थ शरद ऋतू. अख्ख्या आखातातून लोक गाड्या भरभरून भिजायला येतात. मी पहिल्या वर्षी गंमत म्हणून गेलो आणि एका वळणावर धुक्यातून उंट समोर आला. माळशेज घाटात उंट, अशी कल्पना करा.

गंमत अशी, की याच वाऱ्यानं किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालून थंडगार पाणी वर येतं. हवा त्याच्यावरून येताना गार होते, म्हणून धुकं. पण वर कोरड्या गरम हवेचं झाकण असल्यामुळे ढग उंच चढत नाहीत. म्हणून वारा तोच असून तुमच्याकडे धो-धो, आमच्याकडे फक्त चष्म्यावर थेंब.

"मौसिम" हा शब्दही इथलाच. ठरलेली वेळ, हंगाम.

इतिहासवेडा | २१ मे, सकाळी ८.००

मौसिम निघालाच आहे तर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासटिपणात कल्याण, सोपारा, भडोच ही बंदरं आहेत, पैठण आणि तेरसुद्धा आहे. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमारास निघायची, या वाऱ्यावर इकडे यायची, माल भरून हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत. या मार्गाचं श्रेय ग्रीक लोक हिप्पालस नावाच्या खलाशाला देत. अरब आणि आपल्या दर्यावर्दींना तो वारा त्याआधीपासून पाठ असणार, पण त्यांनी टिपणं ठेवली नाहीत. कल्याणचा माल नाणेघाटातून जुन्नरला चढायचा.

थोडक्यात, सातवाहनांचं वेळापत्रक वाराच लिहायचा.

घाटवेडी_ऋता | २१ मे, सकाळी ८.४०

नाणेघाट! जुलैत गेला आहात का कोणी? कड्यावरून पाणी खाली पडतच नाही. वारा खालून असा येतो की धबधबा उलटा होऊन आपल्याच तोंडावर. मी टोपी कड्याबाहेर फेकली तर ती परत आली. मित्राची मात्र गेली. वारा माणूस बघून वागतो.

चौकस_काकू | २१ मे, सकाळी ११.०५

सगळं छान चाललंय, उंट काय, ग्रीक काय. पण खिडकीकाकांच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही हो. पट्टा सूर्यामागोमाग सरकतो, ठीक. सूर्य मेच्या मध्यावर आपल्या डोक्यावर. मग पट्टा तेव्हाच का नाही आला? आणि जमीन गार झाल्यावर वारा चालतो कशावर? साध्या भाषेत सांगा, मी बी. कॉम. आहे.

घाटवाट | २१ मे, रात्री १०.००

काकूंनी कान धरला ते बरं झालं.

मेमध्ये जमीन तापते, पण ती तापते वरवर. राजस्थान-सिंधवर कमी दाब तयार होतो खरा, पण तो उथळ असतो. जमिनीवरून उठलेली गरम हवा दोन-तीन किलोमीटर चढते आणि अडकते, कारण वर कोरडी, खाली दबत येणारी हवा असते. सलालाकरांच्या झाकणासारखंच झाकण. शिवाय हिमालयाच्या दक्षिणेकडून बरंच उंचावर पश्चिमेचा जोरदार झोत अजून वाहत असतो. पट्टा वर यायला हा वरचा मजला रिकामा व्हायला लागतो.

तो होतो मेअखेर ते जूनमध्ये. तिबेटचं पठार सरासरी साडेचार-पाच किलोमीटर उंच. ते तापतं तेव्हा हवा तळाला नाही तर थेट मधल्या मजल्यावर तापते. समुद्रावरून येणारी वाफही वर जाऊन ढग होताना उष्णता सोडायला लागते. हळूहळू उत्तरेकडची उंचावरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा गरम होते. मग पश्चिमेचा झोत हिमालयाच्या पलीकडे निघून जातो आणि आपल्या डोक्यावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर उलटा, पूर्वेकडून वाहणारा झोत सुरू होतो. तो कोटेश्वरम् या भारतीय शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये दाखवून दिला. खाली नैर्ऋत्येचा, वर पूर्वेचा, असं रहाट सुरू झालं की मान्सून आला. केरळात सर्वसाधारण १ जून, मुंबईत ११ जून, अख्ख्या देशावर ८ जुलै. या फक्त सरासरी तारखा. २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत हजर होता.

आणि जमीन गार झाल्यावर चालतो कशावर? पावसावरच. समुद्राचं पाणी वाफ होताना जी उष्णता घेऊन येतं ती ढग होताना आकाशात सोडतं. किती? एक लिटर पाण्यामागे जवळजवळ पाऊण युनिट वीज समजा. काकू, तुमच्या हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे फक्त एक बरी सर. पाणी झालं सुमारे ९३० लिटर. ते ढगात तयार होताना वर जी उष्णता सुटली ती साधारण साडेसहाशे युनिट. एवढी एका गच्चीवर, एका सरीची. आता सगळा देश आणि चार महिने गुणा.

चौकस_काकू | २१ मे, रात्री १०.२०

साडेसहाशे युनिट! आमचं महिन्याचं बिल दीडशे युनिटांचं. म्हणजे चार महिन्यांहून जास्तीची वीज एका सरीत गच्चीवर.

आता कळलं बघा. चुलीसारखं आहे. काटक्या-चिपाडांवर चूल पेटते, पण चालते लाकडांवर. मे महिन्याचं ऊन म्हणजे चिपाडं. लाकडं समुद्रातून येतात. आणि जोवर जाळ आहे तोवर धुराडं हवा ओढत राहणार, मग खालची फरशी गार का असेना.

मीनाक्षी_ठाणे | २१ मे, रात्री १०.२६

सोमवारी हेच सांगणार. काकूंच्या नावानं.

आणि काकांच्या तिसऱ्या शंकेचं उत्तरही यातच आलं ना? दुष्काळातला जुलै तापलेला असतो कारण पाऊस नसतो, ढग नसतात. आपण कारण आणि परिणाम उलटे लावत होतो.

पंचांगप्रेमी | २२ मे, सकाळी ७.१५

एवढा खटाटोप कशाला? आपल्या लोकांनी नक्षत्रं लावूनच ठेवलीत. मृग ७-८ जूनला लागतं, पाऊस येतो. पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा. पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती. हे काय बंगळुरूला विचारून लिहिलं?

दादा_नाशिककर | २२ मे, सकाळी ७.३०

मघाची म्हणही सांगा की.

पंचांगप्रेमी | २२ मे, सकाळी ७.३४

ती संपादक उडवतील.

घाटवाट | २२ मे, सकाळी ९.१०

पंचांगप्रेमी, म्हणी आवडतातच. पण एक लक्षात घ्या, आपली पावसाची नक्षत्रं सूर्य कुठल्या ताऱ्यांच्या पुढ्यात आहे यावर ठरतात, आणि ऋतू अक्षाच्या कलावर. या दोन गोष्टी साधारण एकाहत्तर-बाहत्तर वर्षांत एका दिवसानं एकमेकींपासून सरकतात. संक्रांत २१-२२ डिसेंबरच्या खऱ्या उत्तरायणापासून सुटून १४-१५ जानेवारीला आली ती त्यामुळेच. हजार वर्षांपूर्वी मृग मे महिन्यातच लागत असे. नक्षत्रांमुळे पाऊस येत असता तर तोही सरकला असता.

सदूभाऊ_पारनेर | २२ मे, सकाळी ९.४०

भांडू नका. आमच्याकडं कुठल्याच नक्षत्राचं वाहन चालत नाही. मोर असो, गाढव असो, घाटावर येऊन पंक्चर.

पवनचक्की_सातारा | २२ मे, दुपारी १.००

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो, चौदावं वर्ष.

वरचं सगळं वाचलं. आमच्यासाठी मान्सून म्हणजे धंद्याचे चार महिने. वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरात निघतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, त्यामुळे थोडा फरकही मीटरवर दिसतो. सेकंदाला तीन-चार मीटर वाऱ्याला मशीन फिरायला लागतं, पंचवीसच्या वर गेला की आपोआप थांबतं. जुलैत वर चढायचं काम निघालं की शिडीवर टॉवरचा हेलकावा पोटात जाणवतो. पहिल्या वर्षी मी वर जाऊन ओकलो होतो. सगळेच ओकतात, कोणी सांगत नाही.

सदूभाऊंच्या पंक्चरचं सांगतो. वारा ढग घेऊन सह्याद्रीवर चढतो, चढताना गार होतो, पाणी तिथेच सोडतो. पलीकडे उतरताना पुन्हा गरम होतो, ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, खाली वाईला हजाराच्याही आत. वारा मात्र पुढे जातच राहतो, रिकाम्या टँकरसारखा.

यावरून आमच्याकडे भांडणं झालीत. दुष्काळात लोक म्हणायचे, तुमचे पंखे ढग पळवतात. एक म्हातारे रोज फाटकाशी येऊन बसत. "दोन दिवस बंद ठेवून बघा" एवढंच मागणं. मी त्यांना समजावायचो की मशीन साठ-सत्तर मीटरचं, वारा दीड-दोन किलोमीटर जाडीचा. त्यांना पटलं नाही. चक्क्या आल्या आणि पाऊस गेला हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पण चक्क्या आल्याच मुळी तिथे, जिथे वारा भरपूर आहे. एका पावसाळ्यात झड लागली, सलग सहा दिवस, पंखे चालू असताना. त्यानंतर ते आले नाहीत. भेटले की फक्त हसायचे.

सदूभाऊ_पारनेर | २२ मे, दुपारी १.२०

रिकाम्या टँकरसारखा. हे आमच्या तालुक्याला बरोब्बर लागू. पुढारीबी तसेच येतात.

विदर्भाचा_ऊन | २२ मे, दुपारी ३.४५

तुम्ही सगळे पश्चिमेकडेच पाहून राहिले. नागपूरला आज ४५ आहे आणि आमचा भरवशाचा पाऊस बंगालच्या बाजूनं येते. ओडिशाकडे कमी दाबाचा पट्टा बनला, तो वायव्येला सरकत आला, की विदर्भात दोन-तीन दिवस झड. आणि गंमत सांगतो, तो तिकडे बनला की इकडे कोकणातला वाराही जोर धरते. तो ओढूनच घेते ना. म्हणजे तुमच्या महाबळेश्वरच्या पावसाचं बटन आमच्याकडे आहे.

आगोट | २२ मे, संध्याकाळी ६.३०

हे मात्र खरं. रेडिओवर "बंगालच्या उपसागरात" ऐकलं की आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची. वडील म्हणायचे, बंगाल कुठे, तुझी दोरी कुठे. चोवीस तासांत तीच बरोबर निघायची.

खिडकीकाका | २२ मे, रात्री ९.००

मंडळी, प्रिंट काढून भाच्याला दिली. त्यानं तीन वेळा वाचली आणि म्हणाला, "मामा, हे दोन गुणांच्या प्रश्नात बसत नाही." पण नंतर गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा होता.

वर्तमानपत्राची घडी चालली. खालच्या आजी आता "सगळं बरं आहे ना?" म्हणून विचारून गेल्या, आवाज येत नाही म्हणून.

सलालाकर | १४ जून, दुपारी ४.१०

इथे वारा लागला. समुद्र खवळलाय, डोंगरावर पहिला ढग टेकला. पाठवतोय, घ्या.

आगोट | १७ जून, सकाळी ७.०५

पोचलो.

घाटवेडी_ऋता | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

धागा वर काढते. पाऊस गेल्यात जमा, पुण्यात भयंकर उकडतंय, वारा औषधालाही नाही. ढग गेले म्हणून ऊन लागतं आणि जमिनीत ओल आहे म्हणून घाम वाळत नाही, एवढं कळलं. पण वारा का पडलाय? आणि पुढचा कधी येणार?

घाटवाट | ११ ऑक्टोबर, दुपारी १२.००

रहाट उलटं फिरण्याआधीचा मधला वेळ. पट्टा दक्षिणेला निघालाय, नैर्ऋत्येचा संपला, ईशान्येचा अजून नीट बसलेला नाही. तो बसला की तमिळनाडूला पाऊस आणि आपल्याला थंडी. नेमका कुठल्या दिवशी फिरतो ते पठारावर राहणाऱ्यालाच ठाऊक. @पवनचक्की, आहात का?

पवनचक्की_सातारा | ११ ऑक्टोबर, रात्री ८.१५

आहे. मशीनचं डोकं वारा येईल तिकडे आपोआप वळतं. चार महिने सगळ्या रांगा मावळतीकडे तोंड करून असतात. सध्या कोणाचा कोणाला मेळ नाही. एक उत्तरेला, शेजारचं दक्षिणेला, बरीचशी नुसती उभी. आज सकाळी साडेसहाला शिफ्टला आलो तेव्हा कड्याजवळची सात मशीनं उगवतीकडे वळलेली होती. नऊ वाजता परत फिरली.

उद्या परत मोजतो.